मोजता येईल असा बदल

डंडीत, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत,
चर्चचं तळघर. मंगळवार, साडेसहा.
इशबेल टोस्टर लावते;
एकाच बाजूने भाजतो तो.

स्ट्रुअन येतो. सतरा वर्षांत सहा घरं.
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत,
दाराजवळची खुर्ची,
पाठ भिंतीला.
अकरा मंगळवार असेच गेले.

आज बीन्स करपल्या,
कुणीतरी फिसकन हसलं,
तो उठला. वाटलं, निघाला.
त्याने जॅकेट काढलं,
खुर्चीला अडकवलं
नि करपलेलं भांडं घासायला घेतलं.

रात्री देणगीदारांचा फॉर्म:
'मोजता येईल असा बदल लिहा.'
इशबेल लिहिते, 'जॅकेट.'
खोडते.
'उपस्थिती: बारा' लिहून
दिवा मालवते.

अस्तर उसवलं होतं खांद्याशी.
सुईदोरा आणायला हवा.
त्याला विचारून, अर्थात.