स्वस्तातली लिफ्ट

थंडर बेमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
सरोवर गोठलेलं, गॅरेजची फरशी त्याहून गार,
आणि माझे गुडघे अडुसष्ट वर्षांचे.
म्हणून घेतली लिफ्ट, सेलमधली, सगळ्यात स्वस्त.
खोक्यात एक बोल्ट कमी,
माहितीपत्रकात लिहिलेलं:
"पाय हळू दाबा, वाहन आनंदाने वर."

इर्या म्हणाली, एवढ्यात नवे गुडघे आले असते.
नसते आले. मी विचारलं होतं.

बोल्ट मिळाला टॉइव्होच्या कॉफीच्या डब्यात.
भाऊ गेला, डबा राहिला.
पुढचं चाक चिमट्यात, दोन्हीकडून पट्टे,
पायानं पंप... सतरा, अठरा...
खटका बसला. पिन घातली.
माझी होंडा, उभ्याउभ्या,
माझ्या नजरेला नजर देऊन.
कुत्रं शेपूट घालून बाहेर पळालं.

एवढी वर्षं तिच्याखाली पाठीवर पडून
नुसता चाचपडत होतो.
बोटांना काहीतरी टोचायचं, शिवी देऊन पुढे जायचो.
आज दिवा धरला तर
सायलेन्सरच्या वर, सशाच्या फासाची पितळी तार,
सात वेढे, उलट्या हाताचा पीळ.
टॉइव्हो डावखुरा.
केनोराच्या रस्त्यावर, भर पावसात म्हणाला होता,
"घरी पोचेपर्यंत टिकेल."

चौदा डॉलरचा नवा क्लॅम्प खिशात होता.
तो डब्यात टाकला.

तेल बदललं, चेन ताणली, झडप सैल केली.
लिफ्ट सुस्कारत खाली आली,
शेवटची वीतभर जरा धाडकन. स्वस्तच ती.

दारातून इर्या: झालं का?
म्हटलं, तार ठेवलीय.
अजून घरी पोचायचंय.