एकास वीस

केळीचं खोकं, सावद्याच्या मंडीतून मागून आणलेलं,
आतून अजून चिकाचा वास.
वीस सेंटिमीटरचा एक सेंटिमीटर करत
कटरनं कापत गेले
शिवणखोलीच्या चार भिंती.
नीटनेटकं काही नाही. चिकटपट्टी, थोडा डिंक,
छत नुसतं वर ठेवलेलं.
चुकलं तर फेकता यावं
एवढीच माया लावायची असते अशा खोक्याला.

गच्चीवर दुपारचे साडेबारा. वैशाख.
सूर्य इतका डोक्यावर
की माझी सावली माझ्याच चपलांखाली दडलेली.
डिंक पाघळला, पूर्वेची भिंत बाहेर कलली,
ती एका हातानं धरून
दुसऱ्यानं मोबाईल आत सरकवला.
फोटोत दाराशी एक पांढराफटक पट्टा
आणि बाकी काळोख, आटलेल्या विहिरीतला.
या खिडक्या मी तीन रात्री जागून काढल्या होत्या.
म्हणजे कागदावर.

मग दक्षिणेची कड उचलून
तेलाच्या डब्यावर टेकवली:
पौष आला.
ऊन शिरलं थेट मागच्या भिंतीपर्यंत,
जिथं कापडाचं कपाट येणार होतं.
खोकं हलकं असलं की
वर्ष असं हातानं तिरपं करता येतं.

इंदुबाई फेगडे जिना चढून आल्या, पदरानं मान पुसत.
चौदा जणी, चौदा मशिनी, पत्र्याची शेड,
शाळा उघडायच्या आत साडेसहाशे गणवेश,
आणि वीज काही विचारून जात नाही.
त्यांनी भोकाला डोळा लावला.
आत मी आठ सेंटिमीटरची बाई कापून उभी केली होती.
बराच वेळ पाहून म्हणाल्या,
"बाई दिसली. पन सुईचं नेढं कुठी हाये?"

मी हिशोब सांगितला. एकास वीस म्हणजे
सुई होईल दोन मिलिमीटरची, आणि नेढं तर...
"मंग ज्याच्यासाठी खोली, तेच न्हाई यात."
छत बाजूला केलं, पोलक्यात खोचलेली खरी सुई काढली
आणि रोवली सरळ पुठ्ठ्याच्या जमिनीत.
पुठ्ठ्याच्या बाईच्या कमरेएवढी सुई.

छत परत ठेवलं. सुईची सावली पडली,
काळी, धारेची.
खोकं फिरवलं, सावली फिरली,
लांबली, पुन्हा आखडली.
माझ्या खिडक्या एकेक करून पट्टीनं बुजवत गेलो
आणि शेवटी उरली खोक्याची मूठ:
हमालानं बोटं घालायचं ते लांबट भोक, छताच्या लगत.
मी ते कापलं नव्हतं, मोजलंही नव्हतं.
ते उत्तरेला वळवलं
आणि सुईला सावलीच उरली नाही.
उजेड होता,
फक्त कुठून आला ते सांगत नव्हता.

"दिसलं," इंदुबाई म्हणाल्या. डोळा काढलाच नाही.

वहीत लिहिलं: उत्तर, उंच, आडवं.
खाली पेन्सिलनं: जूनमध्ये सकाळी सातला
इकडूनही ऊन येईल तिरकं, पडदा लागेल.
"पडदा का तू शिवशीन?" त्या हसल्या,
मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून मागे वळल्या,
हात पुढे:
"सुई दे मले. तेवढीच हाये बारीक."