मधली सतरा मिनिटं

नारिनच्या मुलींच्या वसतिगृहात मी वायरमन.
शिवाय बॉयलर माझा, कुलपं माझी,
आणि दुरुस्तीला पैसे नसले
की कॉम्प्युटरसुद्धा माझेच.

त्या जानेवारीत पाच यंत्रांच्या डिस्क गेल्या.
आधी कुरकुरल्या, मग टिकटिकल्या, मग गप्प.
बाहेर उणे अठ्ठावीस. कुणाला बोल लावणार?

बिश्केकहून भाचा फोनवर म्हणाला,
मामा, डिस्क सोड. पेनड्राइव्हवर लिनक्स टाक.
हलकं असतं, जेमतेम तीनशे एमबी,
सुरू झालं की सगळं मेमरीत चढून बसतं,
विंचवासारखं, बिऱ्हाड पाठीवर.

फाइल उतरायला दोन रात्री लागल्या.
आणि चाललं की!
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या,
कुंपण उघडल्यावर मेंढ्या धावतात तशा,
मग निळी खिडकी, कोपऱ्यात घड्याळ.
घड्याळात साल दोन हजार दोन. असू दे.

ठरलं, प्रत्येकीनं आपापला पेनड्राइव्ह आणायचा.
दहाजणींचे झाले. अकरावी उल्पत,
सातवीतली, मूठ उघडेना.

तिच्या पेनड्राइव्हवर आई होती.
म्हणजे एकेचाळीस व्हिडिओ,
येकातेरिनबुर्गला हातमोजे शिवणारी आई,
ट्रामची खिडकी दाखवणारी, कोबीचा भाव सांगणारी,
एकात तर बंद करायलाच विसरलेली:
सहा मिनिटं नुसता टेबलाचा पाय.

आणि पडदा विचारत होता,
यावरचं सगळं पुसलं जाईल. नक्की?

दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.
माझा पेनड्राइव्ह पाचशे बाराचा,
त्यात मुंगीला उभं राहता येईना.
बाईंचा लॅपटॉप बाईंबरोबर परगावी.
उरली मेमरी.
मेमरी म्हणजे, मी तिला सांगितलं,
वीज आहे तोवरची जागा.
आणि वीज? तिनं विचारलं.

वायरमनला हे विचारू नये.
आमच्याकडे थंडीतली वीज म्हणजे
बूट न काढता टेकलेला पाहुणा.

नको करूया, मी म्हटलं.
तिनं मूठ उघडली.

एकेचाळीस आत घेतले. दोनदा मोजले.
मग जिन्यातून ओरडलो:
अनारकान, किटली काढ, शेगडी काढ!
केस वाळवायचं यंत्र कुणाचं आहे, तेही काढा!
मजल्यामागून मजला काळोखात गेला.
वर अभ्यासाला बसलेल्या मुली
अंधारात माझ्या नावानं काय बोलल्या
ते इथं लिहीत नाही.

मग 'नक्की' दाबलं.

पेनड्राइव्ह कोरा.
त्याचे दोन भाग केले, लहान लिनक्सला, मोठा आईला.
लिनक्स बसवलं. सुरू होण्याची खूण लावली.
तेवढ्यात बल्ब पिवळा झाला, तांबूस झाला,
पुन्हा पिवळा.
उल्पत पडद्याकडे बघतच नव्हती,
ती बल्बकडे बघत होती,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.

सतरा मिनिटांनी एकेचाळीस परत.
खात्रीसाठी एक लावून बघ, मी म्हटलं.
तिनं टेबलाचा पाय लावला.
सहाच्या सहा मिनिटं आम्ही तो पाहिला.
शेवटी कुठून तरी शिंक ऐकू आली.
तीच, उल्पत म्हणाली.

पेटीच्या किल्लीशेजारी पेनड्राइव्ह
गळ्यातल्या दोऱ्यात ओवून ती गेली.

मी यंत्र बंद करायला घेतलं.
त्यानं नेहमीचं विचारलं:
आजचं काही जपून ठेवायचं?

जागाच नव्हती. ठेवायची गरजही नव्हती.
मूळ तिच्या गळ्यात होतं, मोजलेलं, तपासलेलं.
तरी आत अजून एकेचाळीस होते,
माझ्या बोटाखाली,
आणि 'नाही' वर बोट ठेवून
मी बराच वेळ नुसता बसलो.

तेवढ्यात वीज गेली.

खालून अनारकानचा आवाज आला:
तोक्तोबेक! आता लावू का किटली?