खोली नंबर दोन

जंगल तीन महिने बंद झालं
की फाटकाला साखळी, जिप्सींवर ताडपत्री,
आणि माझ्या दोन खोल्यांना
गिऱ्हाईक एकच : कुंभारमाशी.
ती आधार कार्ड दाखवत नाही,
स्विचबोर्डात मातीचं घर बांधते
आणि भाड्याचं नावही काढत नाही.

एरवी मी वही सांभाळतो.
नाव, गाव, माणसं किती, गाडीचा नंबर,
एक झेरॉक्स पोलीस ठाण्याला.
तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात डायनामो उघडले,
आता पाहुण्यांचे गिझर.
पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन दार ठोठावतो,
काळा चहा, दोन बिस्किटं,
आणि ते सफारीला गेले
की उशीखाली काय राहिलं ते बघतो.
चष्म्याची काडी. गोळ्यांची अर्धी पट्टी.
एकदा कुणाची तरी कवळी, ग्लासात.
कुरिअर केली पुण्याला.
पावती अजून वहीत आहे,
पैसे यायचे आहेत.

पाहुणा म्हणजे देव, ते ठीक.
पण देव असं विचारत नाही
की संडासात बेडूक कसा,
रेंज का नाही,
आणि वाघ का दिसला नाही.
वाघाचं मी काय सांगू?
तो माझ्याकडे उतरत नाही.
एका साहेबांनी तेवढ्यावरून दोनच तारे दिले
आणि खाली लिहिलं, भरीत उत्तम.
रायवंतानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं,
म्हणाली, "मंग त्यातला एक तारा माहा आहे."

यंदा रोवण्या आटोपल्यावर
मुलगी आली, जावई आला, पोरं आली,
माझी खाट जावयाला गेली.
मी उशी बगलेत मारून
सांदवाडी ओलांडली.

चार वर्षांत पहिल्यांदा
त्या पलंगावर आडवा झालो.
पंखा तिसऱ्या फेऱ्याला टक् करतो,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
समोर मीच रंगवलेली पाटी, शांतता राखा,
उशीवरून वाचली तर मास्तरानं दटावल्यासारखी.
खुंटी मी माझ्या उंचीनं ठोकलेली.
बाया टॉवेल खिडकीच्या गजांवर का वाळवतात
म्हणून किती चिडचिड केली होती मी.
आणि खिडकीतून जंगल दिसतं, असं जाहिरातीत लिहिलंय;
झोपल्यावर दिसतो
फुटका कमोड, रंगाचे डबे,
आणि आमच्या स्वयंपाकघराचा बल्ब.

मग आवाज आले.
आधी गंज घासल्याचा,
मग जावयाचा : मामा कुठं गेले?
मग बायको, अगदी कानाशी बसून बोलावी तशी :
"गेले असतीन त्याईच्या हॉटेलात.
तिथं त्याईले कोनी बोलत नाही ना!"
आणि सगळे हसले.

मी उठून बसलो.
म्हणजे विजेच्या बिलावरून झालेलं ते,
तिच्या भावाच्या पैशांवरून झालेलं ते,
गिझर जळाला त्या रात्री मी जे जे बोललो ते,
आणि तिचं नंतर बराच वेळ भांडी आपटणं,
सगळं इथं येत होतं,
या चादरीवर,
अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंकडे,
नव्यानं लग्न झालेल्या त्या जोडप्याकडे.
सकाळी कुणी काही म्हटलं नाही.
डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिलं होतं :
फार शांत जागा. माणसं प्रेमळ.

झोप लागली ती उशिरा.
साडेचारला सवयीनं जाग आली
आणि मी पडून राहिलो, वाट पाहत,
कुणी दार ठोठावतं का.

सहाला रायवंता खिडक्या उघडायला आली.
मला पाहून दचकली नाही, काही विचारलंही नाही.
पाहुण्यांच्या कपात काळा चहा आणला,
बशीत दोन बिस्किटं.
मी वही ओढली.
नाव, गाव लिहिलं. माणसं, एक. गाडी, नाही.
अभिप्रायाच्या रकान्यात :
खुंटी खाली घ्यावी.
पेन तसंच धरून बसलो.

"आज बी मुक्काम हाय," ती दारातून म्हणाली,
"का चादर बदलू?"

जावयाची गाडी परवाची.
राहू दे, म्हटलं.