पाळी

निवडून आले. सातांत पाचवी, एकोणीस मतांनी.
साक्रीत, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली;
फोन टेबलावर पालथा.

अहिराणी कळफलकाचा कोड तर सगळ्यांचाच,
कोणीही उघडावा, कोणीही सांधावा.
मग मंडळ कशाला? विचारलं होतं मीच,
मत मागण्याच्या आदल्या वर्षी.

निंबाआबा फडाचे पंच, पांझरेच्या पाटावर.
म्हणायचे, पानी कोना बापनं नही,
पन पाळी जेनी तेनी शे.
त्यांचाच ऊस वाळला एका साली,
पाणी आधी शेवटच्या शेताला सोडलं म्हणून.
काकू बोलली नव्हती पोळ्यापर्यंत.

आज हितेंद्रचं काम अडवलं.
चांगलं होतं.
दोघांनी तपासायला हवं, एकानंच पाहिलेलं,
आणि नियम मीच लिहिलेला.

फोन थरथरत सरकतोय
टेबलाच्या कडेकडं.