शून्य रुपयांचं तिकीट

पहाटे साडेतीनला ते उठतात, खाकी शर्ट शोधतात.
पहिली गाडी लावायची असते.
दाराची किल्ली माझ्या पदराच्या गाठीत.
मी म्हणते, ड्रायव्हर अजून आला न्हाई,
आणि अनगोळच्या आमच्या दोन खोल्यांत
उजाडेपर्यंत आम्ही बसून राहतो, सुटायच्या गाडीत बसावं तसे.

धाकट्याचं नाव गेलं मागच्या दिवाळीत.
माझं त्याच्याही आधी.
पण काकती, होनगा, हत्तरगी, संकेश्वर,
तवंदीचा घाट, निपाणी, कोगनोळी, कागल,
एकतीस वर्षं पुकारलेले थांबे
अजून ओळीनं उभे, सामान घेऊन.
(गेल्या आठवड्यापासून हत्तरगी दिसत नाही.
मी कुणाला सांगितलेलं नाही.)

मीही शिकले.
आंघोळ म्हटलं की हात उगारतात,
गाडी डेपोत धुवायची हाय म्हटलं की मुकाट येतात.
गोळी द्यायची तर मी ड्रायव्हर होते:
घ्या शट्टुप्पा, चहा गार होतोय.
बेचाळीस वर्षांत उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं हे नाव.
आता दिवसातून तीनदा, गोळीसोबत.

मुलगा पुण्याहून फोन करतो, स्वतःला जप आई.
हो म्हणते.
तोवर ते खिडकीतून चपला बाहेर टाकत असतात.

एकदा मनगट इतकं आवळलं त्यांचं
की माझीच बांगडी पिचकली.
रात्री वळावर खोबरेल चोळत होते,
तर हळूच म्हणाले, कुणी केलं गा हे?
मलाच विचारलं.

तो वळ शेजारच्या नीलव्वानं बघितला.
बोलली काही नाही.
गुरुवारी तीन वाजता सुपात शेंगा घेऊन आली,
त्यांच्या कॉटवर बसली, म्हणाली, सौंदत्ती, एक फुल.
ही गाडी सौंदत्तीला जात न्हाई, हे म्हणाले.
मग जाते तिथलं द्या री.
त्यांनी कॅलेंडरचा कागद फाडून दिला.
ती माझ्याकडं वळली: होगि बर्री अक्का. ऐदु गंटेतनक.

पहिल्या गुरुवारी मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.
दुसऱ्या गुरुवारी भाजी आणली.
नीलव्वा रागावली. भाजीसाठी सोडलं नव्हतं तुला.

तिसऱ्या गुरुवारी मी स्टँडवर गेले,
समोर आली त्या गाडीत चढले.
कंडक्टर पोरगी, गळ्यात मशीन.
एल्लिग्री? कुठं जायचं मावशी?

कुठं.
तीन वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं.
एवढे थांबे रोज कानावर पडतात, एक आठवेना.
मागं माणसं खोळंबली.
मग आलं तोंडात, काकती.
मशीन किर्र वाजली. बायकांना फुकट आता,
तिकिटावर शून्य रुपये.

काकतीला हायवेच्या कडेला मी एक चहा प्याले.
अख्खा. गरम असतानाच.
रडायचं ठरवून गेले होते. आलं नाही.
ट्रक जात होते, बघत बसले.

घरी आले तर दारातच: तिकीट?
रोज मी नुसता तळवा दाखवते. आज खरं दिलं.
त्यांनी ते उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.
काकती? काकती मागंच गेलं की, बाई.
डोळा लागला व्हय?
लागला असंल, म्हटलं.

त्यांनी कॉटवरची चादर सरकवली, जागा केली.
बसा मग. निपाणी आलं की उठवतो.

नीलव्वा टरफलं गोळा करत होती, पाठ करून.
मी भिंतीला टेकले,
आणि खरंच डुलकी लागली मला.
किल्ली गाठीत आहे का
बघायचं राहिलं.