सरळ तार

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी
मुलगे पुढच्या खोलीत, मुली मागच्या.
म्हणजे स्थळं.
वधू-वर सूचक मंडळ, नोंदणी शंभर रुपये, रविवारी बंद.
ह्यांच्या संगणकात दोनशे चौदा मुलगे,
माझ्याकडच्यात तीनशे सहा मुली,
आणि मध्ये फ्लॉपी घेऊन ये-जा करणारी मी,
पदराला हात पुसत.

फ्लॉपी मेली तेव्हा ह्यांनी तार आणली.
सात मीटर, निळी,
थेट ह्यातून त्यात,
दाराखालून, शिवणयंत्रामागून.
दोन्ही टोकांना टक् करून बसली.
दिवा लागला नाही.

काढून लावली.
ह्या टोकाची त्या टोकाला लावली.
फुंकर मारली, बंद करून चालू केलं.
"लागला?" ह्यांनी पुढून ओरडून विचारलं.
"नाही," मी मागून ओरडले.
शेजारच्या मुळ्यांनाही ऐकू गेलं असेल,
तारेलाच तेवढं जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेल रोडच्या दुकानातून जुबेर आला,
मिसरूड फुटलेलं, खिशात पक्कड.
तारेची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून रंग वाचले
आणि हसला.
"आंटी, ये तो सीधी है.
दोनों एक ही तार में बोल रहे हैं,
दोनों एक ही में सुन रहे हैं.
सुनेगा कौन?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही शिवणयंत्राचं झाकण नीट केलं.

मग त्यानं दातानं साल काढली,
केसाएवढ्या आठ तारा बोटांवर पसरल्या,
नारिंगी जोडी हिरवीच्या जागी,
हिरवी नारिंगीच्या.
"आता ते दुसरं टोक?" मी विचारलं.
"नहीं आंटी, एक ही तरफ़.
दोनों पलटे तो फिर सीधी हो जाएगी."
नोंदवहीच्या मागच्या पानावर
हे मी तारीख घालून लिहून ठेवलं,
पालकांना सांगायला.

दिवा लागला. हिरवा, लुकलुकता.
तरी गाडी तिथंच:
पाठवले चार, पोचले शून्य, हरवले चार.
देवासच्या गोडबोल्यांना धाडलेल्या पत्रांसारखे.
ह्यांनी दोन्ही यंत्रांना एकच पत्ता दिला होता,
शेवटी एक.
"एक को तो दो होना पड़ेगा," जुबेर म्हणाला,
"दो कौन?"
तेवीस वर्षांच्या संसारात
हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारला नव्हता.
मी दोन झाले. तीन बटणं दाबून होतं.

नंतर ती भिंत निघाली,
परक्याला आत घेऊ नये म्हणून घातलेली;
घरच्यालाही दारात अडवून विचारत होती,
कुणाकडचे?
तिला समजावण्यात चहा निवला.

आणि मग मुलगे यायला लागले.
निळ्या पट्टीतून, एकेक, न बोलता,
बारावा, चाळिसावा, एकसष्टावर जरा अडले, पुन्हा निघाले.
मी पहिला उघडला.
नावाच्या जागी टोपीवाली, ठिपकेवाली परदेशी अक्षरं.
ह्यांचा फॉन्ट वेगळा, माझा वेगळा,
कुणाला सुचलंच नव्हतं.
आकडे तेवढे नीट आले होते:
उंची पाच सात, जन्म पहाटे चार दहा, पगार आठ हजार,
आणि तिसऱ्या ओळीत, जिथं अपेक्षा असतात,
एक उलटं प्रश्नचिन्ह.

"कल फॉन्ट लाता हूँ," म्हणून जुबेर गेला.
ह्यांनी उंबऱ्यावर तारेला चिकटपट्टी लावली,
ती संध्याकाळपर्यंत सुटली.

सहा वाजता महूहून एक गृहस्थ आले,
मुलगी एम. कॉम., हातात पत्रिकेची गुंडाळी.
दारात थबकले, धोतर जरा वर धरलं.
"ही कसली तार?"
"मुलाकडची," मी म्हटलं.
"जपून या."